बाबांच्या टीव्हीवर बातम्यांची पट्टी उमटली आहे. स्क्रीनसेव्हरने काही होईल का?

तुळशीपान · शनिवार, रात्री १०.२०

नमस्कार मंडळी,

थोडं सविस्तर लिहिते, कारण दुकानदाराने आणि कंपनीच्या माणसाने दोघांनीही मला दोन वाक्यांत वाटेला लावलंय.

आम्ही मुलुंड पूर्वेला राहतो. बाबा निवृत्त झाले तेव्हा आम्ही भावंडांनी मिळून त्यांना ५५ इंची ओएलईडी टीव्ही घेऊन दिला. त्याला आता सव्वादोन वर्षं झाली. बाबांचा दिवस बातम्यांवर चालतो. सकाळी सातला टीव्ही लागतो, एकला जेवण आणि वामकुक्षी, चारला चहाबरोबर पुन्हा सुरू, तो रात्री साडेदहापर्यंत. चॅनल बहुतेक एकच.

परवा मॅच लावली तर हिरव्या मैदानावर खालच्या बाजूला आडवी काळपट पट्टी. मला वाटलं धूळ असेल. मऊ कापडाने पुसून पाहिलं, पण डाग काचेवर नव्हताच. वर उजव्या कोपऱ्यात चॅनलचा लोगो तर चक्क वाचता येतो. बाबा शेजारी उभे होते. म्हणाले, "माझ्यामुळे झालं का गं?" त्या दिवसापासून त्यांनी टीव्ही लावणं कमी केलंय. गॅलरीत नुसते बसून राहतात. पट्टीपेक्षा मला ते जास्त लागतंय.

भाऊ म्हणतो की स्क्रीनसेव्हर लावला असता तर हे झालं नसतं. टीव्हीत तो आहेही, आम्ही कधी चालू केला नाही. आता चालू करून उपयोग आहे का? उमटलेलं जातं का? हे वॉरंटीत बसत नाही, असं सांगितलं. पॅनल बदलायचं तर जवळजवळ नव्या टीव्हीएवढा खर्च आहे.

खारफुटी · शनिवार, रात्री १०.४५

वाचतेय. माझ्या फोनवर कीबोर्डच्या जागी असाच चौकोन दिसतो. पांढरं पान उघडलं की जास्तच.

बोरिवली_फास्ट · शनिवार, रात्री ११.०५

स्क्रीनसेव्हर ही जुन्या डबा मॉनिटरच्या काळातली गोष्ट आहे. आता त्याचा काहीही उपयोग नाही. एलईडी टीव्हीला असलं काही होतच नाही. तुमचा पॅनल सदोष निघाला असणार, ग्राहक मंचात जा.

कॅथोडकिरण · रविवार, सकाळी ७.१५

तुळशीपान, बाबांना आधी सांगा की त्यांचं काही चुकलेलं नाही. टीव्ही बघण्यासाठीच असतो.

मी लॅमिंग्टन रोडवर १९८८ पासून टीव्ही-मॉनिटर दुरुस्त करतोय. रस्त्याचं नाव कधीच डॉ. भडकमकर मार्ग झालं, पण गिऱ्हाईक अजून लॅमिंग्टनच म्हणतं. पडद्यावर चित्र उमटण्याचे सगळे प्रकार बाकावर येऊन गेलेत, म्हणून जरा मुळापासून सांगतो.

जुन्या पिक्चर ट्यूबमध्ये काचेला आतून फॉस्फरचा लेप असायचा. मागून इलेक्ट्रॉनचा झोत त्यावर आदळला की तो ठिपका उजळायचा. हा लेप वापराने झिजतो. एकाच जागी तीच अक्षरं महिनोन्‌महिने उजळत राहिली तर तेवढाच लेप जास्त झिजतो आणि अक्षरांची सावली कायमची राहते. मॉनिटर बंद असला तरी ती दिसते. त्यावर १९८३ च्या डिसेंबरमध्ये 'सॉफ्टॉक' मासिकात जॉन सोचा यांनी आयबीएम पीसीसाठी एक छोटा प्रोग्राम छापला. कीबोर्डला तीन मिनिटं हात लागला नाही की पडदा काळा. इतकंच त्याचं काम. अटारीच्या १९७९ च्या संगणकांत त्याआधीच अशी सोय होती. काही मिनिटं कोणी बटण दाबलं नाही की पडद्यावरचे रंग आपोआप बदलत राहायचे. पंखवाले टोस्टर, तारे, पाइप, चक्रव्यूह ही सगळी करमणूक नंतरची. टोस्टरवाला 'आफ्टर डार्क' १९८९ चा.

प्लाझ्मा टीव्हीतही फॉस्फरच होता, त्यामुळे दुखणंही तेच.

एलसीडीचं वेगळं. तिथे पडदा स्वतः उजेड देत नाही, मागे दिवे असतात आणि पुढचे द्रवस्फटिक फक्त झडपेसारखे उघडमीट करतात. एकच चित्र फार वेळ राहिलं की स्फटिकांच्या थरात विद्युतभार साचतो आणि झडप नीट मिटत नाही. म्हणून पुसट चित्र राहतं. बहुतेक वेळा काही तास पडदा बंद ठेवला किंवा हलतं चित्र दाखवलं की जातं. दुकानात 'एलईडी' म्हणून जो टीव्ही विकतात तो हाच. फक्त मागचे दिवे एलईडीचे असतात. बोरिवली_फास्ट, तुमचं म्हणणं या टीव्हीपुरतं बरंचसं बरोबर आहे. तुळशीपान यांचा टीव्ही मात्र ओएलईडी आहे. एका अक्षराने सगळी जातच बदलते.

ओएलईडीत प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो. ते द्रव्य सेंद्रिय असतं आणि जितकं उजळेल तितकं थकतं. निळं सर्वांत लवकर थकतं. खालची पट्टी रोज बारा तास भडक उजळली आणि बाकीचं चित्र बदलत राहिलं, तर पट्टीतले ठिपके इतरांच्या पुढे म्हातारे होतात. मैदानाचा एकसारखा हिरवा रंग आला की ते कमी उजळतात आणि काळपट दिसतात. पडदा भाजला जात नाही. तो असमान झिजतो.

आता स्क्रीनसेव्हरबद्दल. टीव्हीतला स्क्रीनसेव्हर चित्र थांबल्यावर येतो. यूट्यूब थांबवून कोणी उठून गेलं, मेनू उघडा राहिला, अशा वेळी. बाबा बातम्या बघत होते तेव्हा सेट-टॉप बॉक्समधून चित्र सतत चालू होतं. तेव्हा स्क्रीनसेव्हर आलाच नसता. तुमच्या भावाला हे जरूर सांगा, म्हणजे घरात कोणी कोणाला बोल लावणार नाही.

एक विचारतो. रात्री टीव्ही बंद कसा करता? रिमोटने की भिंतीवरच्या बटणाने?

फोर्टचा_जुना · रविवार, सकाळी ९.३०

कॅथोडकिरण यांनी लिहिलेली सावली मी रोज पाहिली आहे. १९९५ ला बीएसईत बोल्ट, म्हणजे संगणकावर शेअरचे व्यवहार करायची पद्धत, आलं आणि रिंगणातला आरडाओरडा पडद्यावर आला. मी तेव्हा फोर्टात एका सब-ब्रोकरकडे टर्मिनलवर बसायचो. साडेतीनला बाजार बंद झाला की मॉनिटर बंद करायचो. मग त्या करड्या काचेत रकाने दिसायचे. डावीकडे शेअरच्या नावांचा उभा पट्टा, मधे खरेदी-विक्रीच्या भावांची जागा. आकडे रोज बदलायचे, म्हणून तिथे नुसता धुरकटपणा होता. मथळे मात्र कधीच बदलत नसत, ते स्वच्छ वाचता यायचे. आमचा शिपाई वर्तमानपत्राने ती काच घासघासून पुसायचा. डाग आतून आहे हे त्याला पटवायला मला बरेच दिवस लागले.

आणि स्क्रीनसेव्हर होता बरं का. पण बाजार चालू असताना भाव दिसेनासे झालेले कोणाला चालतील? त्यामुळे तो दुपारनंतर रिकाम्या खुर्चीसमोर फिरायचा. झीज व्हायची ती सहा तासांत होऊन गेलेली असायची.

तुळशीपान · रविवार, सकाळी १०.१०

कॅथोडकिरण, खूप आभार. बाबांना वाचून दाखवलं. "भाजला नाही, झिजला," हे त्यांनी दोनदा म्हणून घेतलं.

टीव्ही भिंतीवरच्या बटणानेच बंद होतो. दुपारीही आणि रात्रीही. बाबांचं लहानपण लालबागच्या चाळीत गेलं. रात्री झोपण्याआधी त्यांची एक फेरी असते. गॅसचा कॉक, मोरीतला नळ, दाराची कडी आणि टीव्हीचं बटण. लाल दिवा विझलेला पाहिल्याशिवाय ते आडवे होत नाहीत. का विचारलंत?

कॅथोडकिरण · रविवार, सकाळी ११.४०

हीच शंका होती मला. मुंबईत माझ्याकडे आलेल्या ओएलईडी टीव्हींच्या तक्रारींत ही गोष्ट इतक्यांदा निघाली आहे की हल्ली मी पहिला प्रश्न हाच विचारतो.

ओएलईडी टीव्हीला स्वतःची डागडुजी करायची सोय असते. बहुतेक कंपन्यांच्या टीव्हीत एकूण चार तास वापर झाला की, रिमोटने बंद केल्यावर, टीव्ही पडदा काळा ठेवून आतल्या आत काही मिनिटं काम करतो. प्रत्येक ठिपक्याला पुरवठा करणाऱ्या सूक्ष्म ट्रान्झिस्टरची स्थिती मोजतो आणि फरक पडला असेल तर विजेचं प्रमाण जुळवून घेतो. याशिवाय दोनेक हजार तासांनी एक मोठी फेरी असते, ती तासभर चालते. या दोन्हींना वीज लागते. भिंतीवरचं बटण बंद केलं की काम सुरूच होत नाही.

तुमचा हिशोब मांडतो. दिवसाला साडेबारा तास, सव्वादोन वर्षं. म्हणजे दहा हजार तासांच्या पुढे गेलात. एवढ्यात मोठी फेरी चार-पाच वेळा व्हायला हवी होती आणि छोटी जवळजवळ रोज. तुमच्याकडे बहुधा एकही पुरी झालेली नाही. माहितीपुस्तकात हे लिहिलेलं असतं. पण बारीक अक्षरात आणि आपल्या घरातल्या भिंतीवरच्या बटणाचा उल्लेख न करता. विकताना कोणीतरी हे तोंडाने सांगायला हवं. कोणी सांगत नाही, याचा मला मनापासून राग येतो.

आता असं करा. आठवडाभर फक्त रिमोटने बंद करा, दुपारीसुद्धा. मग सेटिंगमध्ये जाऊन पिक्सेल रिफ्रेश किंवा पॅनल रिफ्रेश शोधा आणि मोठी फेरी एकदा हाताने चालवा. त्याआधी एक साधी करडी इमेज पेन ड्राइव्हवरून पूर्ण पडद्यावर लावा आणि अंधारात फोटो काढून ठेवा, म्हणजे नंतर ताडून पाहता येईल. साचलेल्या फरकामुळे जे दिसतंय ते जाईल. द्रव्य खरंच थकलं असेल तेवढं राहील. किती राहील ते फोटो सांगेल.

पाणपोई · रविवार, दुपारी १२.०५

चोवीस तास बटण चालू ठेवलं तर बिल किती वाढेल? आमच्याकडेही सासूबाई रोज बंद करतात. त्यांना उत्तर द्यावं लागेल.

शिफ्ट_इनचार्ज · रविवार, दुपारी १२.५०

पाणपोई, टीव्हीच्या माहितीपत्रकात स्टँडबायचा आकडा बघा. बहुतेक नव्या टीव्हींचा अर्धा वॅट असतो. अर्धा वॅट वर्षभर चोवीस तास म्हणजे साडेचार युनिटही होत नाहीत. सेट-टॉप बॉक्स मात्र स्टँडबायमध्येही चांगली वीज खातो. त्याचं बटण वेगळं असेल तर ते खुशाल बंद करा. सासूबाईंची सवय त्या बटणावर राहू दे.

मी बँकेच्या आयटीत आहे, म्हणून स्क्रीनसेव्हरच्या बाजूने चार शब्द. आमच्याकडे पाच मिनिटं हात लागला नाही की पडदा जातो आणि परत यायला पासवर्ड लागतो. काउंटरवरचा माणूस पाणी प्यायला उठला तर खातेदाराची माहिती मागच्या रांगेला दिसू नये म्हणून. यात पडदा वाचवण्याचा संबंधच नाही, तरी मी ही सोय काढू देणार नाही. फक्त त्यावर मासे पोहायला नकोत. ग्राफिक्सचं काम लागलं की मशीन उगाच तापतं. काळा पडदा आणि मग मॉनिटर झोपी, हे सगळ्यात चांगलं.

आणि कोणी नेटवरून स्क्रीनसेव्हर उतरवून घेऊ नका. विंडोजमधली .एससीआर फाइल हा चालणारा प्रोग्राम असतो, चित्र नव्हे. त्यातून व्हायरस आलेले मी स्वतः साफ केलेत.

बोरिवली_फास्ट · रविवार, दुपारी १.३०

कॅथोडकिरण, एलईडी आणि ओएलईडी मी एकच समजत होतो. दुरुस्तीबद्दल धन्यवाद. ग्राहक मंचाचा सल्ला मागे घेतो.

माटुंगा_रोड · रविवार, दुपारी ३.२०

जरा विषयांतर, पण स्क्रीनसेव्हरची एक चांगली आठवण सांगायची आहे. १९९९ च्या मे महिन्यात सेटी अॅट होम सुरू झालं. स्क्रीनसेव्हर म्हणून ते लावायचं. संगणक रिकामा असला की अरेसिबोच्या रेडिओ दुर्बिणीने टिपलेल्या संकेतांचा एक तुकडा उतरवून घ्यायचं आणि त्यात परग्रहावरून आलेलं काही सापडतं का ते तपासायचं. पडद्यावर रंगीत आलेख डोंगरासारखे वर चढत. हॉस्टेलच्या खोलीत रात्री दोनला दिवा घालवून मी ते बघत पडलेलो आहे. नारायणगावजवळ खोडदला आपली जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण उभी आहे हेही मला त्याच नादात कळलं. पुढे दोनदा जाऊन आलो. मार्च २०२० मध्ये त्यांनी नवं काम वाटणं थांबवलं, तेव्हा जवळचं कोणी गेल्यासारखं वाटलं.

पडदा वाचवण्यासाठी जन्मलेली गोष्ट अशा कामालाही आली, एवढंच म्हणायचं होतं.

काळी_पिवळी · रविवार, रात्री ११.५०

आत्ता गाडी लावून आलो, धागा पूर्ण वाचला. मी टॅक्सी चालवतो. फोन काचेजवळ स्टँडवर, दिवसाचे दहा-बारा तास मॅप चालू, ब्राइटनेस फुल. नाहीतर उन्हात दिसतच नाही. दीड वर्षात फोनवर वरचा हिरवा पट्टा बसला, जिथे 'डावीकडे वळा' येतं तिथे. व्हॉट्सअॅप उघडलं की पांढऱ्यावर मळकट दिसतो. खाली तीन बटणांची जागापण दिसते. आमच्या स्टँडवर चार जणांच्या फोनला सेम आहे. सगळ्यांना वाटत होतं फोन डुप्लिकेट निघाला.

याला काय करायचं? धंद्याला मॅप तर लागणारच.

कॅथोडकिरण · सोमवार, सकाळी ७.३०

काळी_पिवळी, तुमचा फोन डुप्लिकेट नाही. तुमच्याकडे तीन गोष्टी एकत्र आल्या आहेत. तेच चित्र, पूर्ण ब्राइटनेस आणि काचेमागची उष्णता. ओएलईडी तापलेलं असताना लवकर थकतं. मे महिन्यात डॅशबोर्डवर हात ठेववत नाही, तिथेच तुमचा फोन असतो.

फोनमध्ये टीव्हीसारखी मोठी फेरी हाताने चालवायची सोय सहसा नसते, त्यामुळे बसलेला पट्टा जाणार नाही. पण पुढचं वाचवता येतं. मॅपला रात्रीचे रंग दिवसाही लावा, म्हणजे पडद्याचा बराच भाग काळा राहतो, आणि ओएलईडीत काळा ठिपका म्हणजे बंद ठिपका. स्टँड एसीच्या झरोक्यासमोर बसवा, काचेवर नको. खालची तीन बटणं काढून बोटाने सरकवायची पद्धत लावा. सायनपासून ठाण्यापर्यंत रस्ता सरळच आहे, तिथे पडदा बंद करून नुसता आवाज चालू ठेवा. आणि पुढचा फोन फक्त मॅपसाठी घेणार असाल तर एलसीडीवाला स्वस्तातला घ्या. तुमच्या कामाला तोच बरा.

काळी_पिवळी · सोमवार, सकाळी ७.५०

एसीसमोरचा स्टँड आजच घेतो. स्टँडवर सगळ्यांना सांगतो.

गुलमोहर_सी_विंग · सोमवार, दुपारी २.१५

आमच्या सोसायटीच्या वॉचमन केबिनमधल्या मॉनिटरवर सोळा कॅमेऱ्यांचे चौकोन असतात. कॅमेरा बंद पडला तरी चौकोनाच्या रेघा आणि 'पार्किंग २' ही अक्षरं दिसत राहतात. तो एलसीडी आहे. वरची माहिती वाचून काल रात्री मॉनिटर सहा तास बंद ठेवला, वॉचमनला फोनवर अॅप लावून दिलं. सकाळी रेघा बऱ्याच पुसट झाल्या होत्या. आता डीव्हीआरमध्ये कॅमेरे पाळीपाळीने दाखवायची सोय चालू केली आहे.

पाणपोई · सोमवार, संध्याकाळी ६.४०

सासूबाईंना साडेचार युनिटांचा हिशोब पटला. पण त्यांचा पुढचा प्रश्न रास्त आहे. पावसाळ्यात विजा चमकतात तेव्हा काय करायचं?

कॅथोडकिरण · सोमवार, रात्री ९.१०

विजा चमकत असतील तर पिनच काढायची, त्यात दुमत नाही. पाऊस भरून आलेला दिसला की आधी रिमोटने बंद करा, पंधरा मिनिटं जाऊ द्या आणि मग पिन काढा. गावाला जाताना हेच.

तुळशीपान · पुढचा रविवार, रात्री ११.००

आठवड्याचा वृत्तांत देते.

करडी इमेज लावून पहिला फोटो काढला तेव्हा पोटात गोळा आला. पट्टी, लोगो आणि शिवाय डाव्या कोपऱ्यात घड्याळाचा चौकोन, जो आम्हाला तोवर दिसलाच नव्हता. सोमवारपासून फक्त रिमोट. बुधवारच्या फोटोत घड्याळ नाहीसं झालं होतं. शुक्रवारपर्यंत लोगो वाचता येईना, नुसता ढग राहिला. आज दुपारी मोठी फेरी लावली. पडदा काळा, खाली एक बारीक दिवा. बाबा तासभर समोर खुर्ची टाकून बसले होते, वामकुक्षी न घेता. वीज जाऊ नये म्हणून त्यांनी गीझरही लावू दिला नाही.

आत्ताच्या फोटोत लोगो गेला आहे. पट्टी आहे, पण पहिल्या फोटोशेजारी ठेवली तरच. मॅचमध्ये मला दिसली नाही. भावाला दिसली, कारण त्याला कुठे बघायचं ते माहीत होतं.

दुकानातून आला तेव्हापासून टीव्ही भडक रंगांच्या मोडवर होता, तो सिनेमावर आणला. लोगोची चमक कमी करायची सोय सापडली, तीही चालू केली. सगळ्यात उपयोगी पडलं ते 'स्क्रीन ऑफ'. सकाळी पूजा आणि पेपर चालू असताना बाबा बातम्या नुसत्या ऐकतच असतात, बघत नाहीत. आता तेवढे दोन तास आवाज चालू आणि पडदा बंद.

त्यांची रात्रीची फेरी चालूच आहे. गॅस, नळ, कडी, आणि टीव्हीच्या बटणापाशी थांबून लाल दिवा लागलेला आहे ना ते बघतात. बटणावर त्यांनी कॅलेंडरच्या मागच्या कागदाचा तुकडा चिकटवलाय, ऑफिसात फायलींवर लिहायचे तशा अक्षरात: "हे बटण चालू ठेवणे. हुकमावरून."

कॅथोडकिरण · सोमवार, सकाळी ७.२०

वाचून फार बरं वाटलं. मोठी फेरी आता लगेच पुन्हा चालवू नका, हजार वेळा मोह झाला तरी. ती वारंवार करायची नसते, पुढची वेळ आली की टीव्ही स्वतः करेल. महिन्यातून एकदा करडा फोटो काढा आणि पहिला फोटो जपून ठेवा. बाबांना माझा नमस्कार सांगा.